कम्युनिटी कॉलेजचा पदवी दर तीस टक्के, मग बाकीचे सत्तर नापास का?

कॅलिफोर्नियातल्या मराठी घरांत हल्ली हा हिशेब बऱ्याचदा मांडला जातो. मुलीची बारावी संपत आली आहे. चार वर्षांच्या विद्यापीठाची फी ऐकून छातीत धस्स होतं. मग कुणीतरी सुचवतं की दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढ, साठ युनिट (म्हणजे क्रेडिट) पुरे कर आणि तिथून यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, बदली घे. राज्यातल्या रहिवाशांना एका युनिटला ४६ डॉलर पडतात, म्हणजे साठ युनिटांची फी २,७६० डॉलर. विचार पटतो. रात्री वडील केंद्र सरकारचं ‘कॉलेज नॅव्हिगेटर’ हे संकेतस्थळ उघडतात, आणि पदवी दराच्या रकान्यात तिसाच्या आसपासचा आकडा दिसतो. सत्तर टक्के मुलं जिथे नापास होतात तिथे पोरीला घालायचं का, इथवर गोष्ट येते आणि विषय संपतो.

तो आकडा खोटा नाही. पण वडील त्याला जो प्रश्न विचारतायत, त्याचं उत्तर त्या आकड्यात नाही. कॉलेजचं मोजमाप नक्की कशाचं होतं, कोण करतं आणि ते कुठे फसतं, हे कळलं तर हाच रकाना उपयोगाचा ठरतो.

तीन वेगळे प्रश्न, एकच गाठोडं

कम्युनिटी कॉलेज म्हणजे दोन वर्षांचं सार्वजनिक महाविद्यालय. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनियर कॉलेज १९०१ सालचं. या जातीतलं सगळ्यांत जुनं चालू सार्वजनिक कॉलेज तेच. एकट्या कॅलिफोर्नियात आज अशी ११६ कॉलेजं आहेत. त्यांचं मूळ तत्त्व असं की दार सगळ्यांना उघडं. इथे कटऑफ नसतो. त्यामुळे एकाच इमारतीत यूसीला जायला निघालेली अठरा वर्षांची मुलगी असते, वेल्डिंगचं प्रमाणपत्र हवं असलेला पस्तिशीचा कामगार असतो, इंग्रजी शिकायला आलेली आजी असते आणि फक्त पायथॉनचा एक कोर्स करून जाणारा इंजिनिअरही असतो.

अशा ठिकाणी ‘कॉलेज चांगलं आहे का’ या एका प्रश्नात तीन प्रश्न दडलेले असतात. विद्यार्थ्याला विषय आला का? याला मी पुढे ‘शिकणं’ म्हणेन. विद्यार्थी कुठवर पोचला, म्हणजे कोर्स पास झाला का, पदवी मिळाली का, बदली झाली का, नोकरी लागली का? ही त्याची ‘मजल’. आणि तिसरा प्रश्न संस्थेचा: पैसा, माणसं, वेळापत्रक, समुपदेशन हे सगळं या दोन गोष्टींसाठी नीट राबवलं जातंय का? याला परिणामकारकता म्हणतात. पदवी दर यांतल्या फक्त मजलेबद्दल बोलतो, आणि तेही अर्धवटच.

तीस टक्के, पण किती जणांपैकी?

शाळेत अपूर्णांक शिकताना अंश आणि छेद शिकलो. या विषयात सगळी मेख छेदात आहे.

१९९० च्या एका केंद्रीय कायद्यामुळे कॉलेजांना पदवी दर जाहीर करावा लागतो. त्याचा नियम असा: शरद सत्रात पहिल्यांदाच कॉलेजात आलेले, पूर्ण वेळ शिकणारे आणि पदवी किंवा प्रमाणपत्र घ्यायच्या इराद्याने आलेले विद्यार्थी तेवढे मोजायचे. त्यांना ठरलेल्या मुदतीच्या दीडपट वेळ द्यायचा. दोन वर्षांच्या पदवीला तीन वर्षं, एक वर्षाच्या प्रमाणपत्राला दीड वर्ष. तेवढ्या वेळात त्याच कॉलेजातून ज्यांनी कागद घेतला, ते अंशात.

आता हा नियम एका कल्पित कॉलेजला लावून बघू. ऑगस्टमध्ये ४,००० नवे चेहरे आले. त्यांतले २,४०० नोकरी सांभाळून अर्धवेळ शिकणारे, ते गळले. ५०० जण आधी दुसऱ्या कॉलेजात शिकलेले, तेही गळले. ३०० जणांना पदवीच नको होती. छेदात उरले ८००. तीन वर्षांनी त्यातल्या २४० जणांना पदवी किंवा प्रमाणपत्र मिळालं, १६० जण पदवी न घेता दुसऱ्या कॉलेजात गेले, १२० अजून शिकतायत आणि २८० जणांनी सोडलं. रकान्यात छापलं जातं ३० टक्के. जानेवारीत दाखल झालेले तर या हिशेबात कधी येतच नाहीत.

पुण्याहून कोल्हापूरला निघालेल्या एसटीची कल्पना करा. साताऱ्याचा प्रवासी साताऱ्याला उतरला. त्याचं गावच ते. पण कंडक्टरने ‘कोल्हापूरला पोचलेले’ एवढाच रकाना ठेवला, तर साताऱ्याचा माणूस न पोचलेल्यांत जमा होतो. यूसीला बदली घ्यायला अॅसोसिएट पदवी, म्हणजे कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षांची पदवी, लागत नाही, लागतात ते ठरलेले कोर्स आणि गुण. म्हणजे वर सांगितलेल्या मुलीने ठरवल्याप्रमाणे दोन वर्षांत साठ युनिट करून, पदवीचा अर्ज न भरता बर्कलीचा रस्ता धरला, तर तिच्यामुळे कॉलेजचा पदवी दर खालीच येणार! ती ‘बदली’च्या वेगळ्या रकान्यात दिसेल. म्हणून हे दोन रकाने नेहमी शेजारी ठेवून वाचावेत. वरच्या कॉलेजात ३० आणि २० मिळून पन्नास टक्के होतात.

आणखी एक बारीक गोष्ट, जी घरोघरी माहीत असायला हवी. सत्रात बारा युनिट घेतले की विद्यार्थी ‘पूर्ण वेळ’ ठरतो. पण साठ युनिट दोन वर्षांत संपवायचे तर सत्राला पंधरा लागतात. बाराच्या गतीने चार सत्रांत अठ्ठेचाळीस होतात आणि पाचवं सत्र लागतं. मध्ये एखादा कोर्स राहिला किंवा मेजर, म्हणजे मुख्य विषय, बदलला, की सहावं सत्र, आणि तीन वर्षांची खिडकी बंद व्हायच्या बेतात येते. मुलं ढ असतात म्हणून नव्हे, तर गणितच असं आहे म्हणून बरीच जणं या खिडकीबाहेर पडतात.

सरकारलाही हे उमगलं. २०१५-१६ पासून एक वेगळी पाहणी सुरू झाली. तिच्यात अर्धवेळ विद्यार्थी आणि दुसरीकडून आलेलेही धरतात आणि आठ वर्षांपर्यंत माग ठेवतात. कॉलेज नॅव्हिगेटरवर जुना रकाना बघून थांबू नका, ही माहितीही उघडा.

मात्र छेद समजला म्हणून सगळं आलबेल आहे असं मानायचं कारण नाही. आपल्या कल्पित कॉलेजात २८० जण मध्येच गेले. ते का गेले, हे विचारणं कॉलेजचं कामच आहे.

वर्गातला छेदही तपासा

कोर्सच्या पातळीवर ‘यश दर’ असतो: ए, बी, सी किंवा ‘पास’ मिळालेले भागिले मोजणीच्या दिवशी वर्गात नाव असलेले सगळे. कॅलिफोर्नियात हा मोजणीचा दिवस सत्राचा साधारण पाचवा हिस्सा उलटल्यावर येतो. त्याआधी ज्याने नाव काढलं तो हिशेबात कुठेच नसतो. त्यानंतर सोडलं तर ‘डब्ल्यू’ लागतो आणि तो छेदात राहतो. त्यामुळे पहिल्या तीन आठवड्यांतच निम्मा वर्ग पळवून लावणाऱ्या मास्तरांचा यश दर कागदावर उत्तम दिसू शकतो. असा दर वाचताना पहिल्या दिवसाची पटसंख्या शेजारी मागून घ्यावी.

गुण आहेतच, मग शिकणं वेगळं कशाला मोजायचं?

हा आक्षेप प्राध्यापक मंडळीच सगळ्यांत जास्त घेतात, आणि तो रास्त आहे. पेपर तपासले, ग्रेड दिली, अजून काय हवं?

ग्रेड म्हणजे किराण्याच्या बिलाची शेवटची ओळ. एकूण १,८४० रुपये झाले हे कळतं, तूरडाळ किती घेतली ते कळत नाही. ग्रेडमध्ये हजेरी, गृहपाठ, प्रकल्प, तोंडी, लेखी सगळं मिसळलेलं असतं. कुठली गोष्ट आली आणि कुठली नाही, हे त्यातून वेगळं काढता येत नाही.

म्हणून प्रत्येक कोर्सला तीन-चार ‘अध्ययन निष्पत्ती’ लिहितात, म्हणजे कोर्स संपल्यावर विद्यार्थ्याला काय करता आलं पाहिजे याची वाक्यं. नर्सिंगचं उदाहरण घेऊ, कारण तिथे चूक थेट रुग्णाच्या अंगावर येते. निष्पत्ती अशी: ‘डॉक्टरांच्या आदेशावरून औषधाची मात्रा अचूक काढता येणं.’ परीक्षेत सगळ्या तुकड्यांना एक समान प्रश्न: आदेश १ ग्रॅमचा आहे, बाटलीवर लिहिलंय ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम, तर किती मिलिलिटर द्याल? १ ग्रॅम म्हणजे १,००० मिलिग्रॅम, त्याचे अडीचशेचे चार भाग, चार पाचे वीस. उत्तर २० मिलिलिटर.

आता तपासताना एकच गुण देत नाहीत. चार बाजू वेगळ्या तपासतात: एकक बदललं का, मांडणी बरोबर आहे का, उत्तर आलं का, आणि शेवटी ताळा केला का. प्रत्येक बाजूला शून्य ते तीन. प्रत्येक पायरीला काय दिसलं पाहिजे ते आधीच लिहिलेलं असतं. या तक्त्याला रुब्रिक म्हणतात. तपासणीआधी दोन-तीन शिक्षक एकत्र बसून तेच दहा पेपर वेगवेगळे तपासतात आणि ताडून बघतात. एकाने तीन आणि दुसऱ्याने एक दिला असेल, तर दोष पेपरचा नसतो, रुब्रिकच्या शब्दांचा असतो. ते शब्द बदलायचे. ही पायरी वाचवली की पुढचे सगळे आकडे वाया जातात.

समजा, तीन तुकड्यांतल्या ९० पेपरांचा निकाल असा लागला: मांडणी ८४ जणांना जमली, एकक ५८ जणांनी बरोबर बदललं, आणि ताळा केला फक्त ४१ जणांनी. ग्रेड बघितल्या असत्या तर वर्ग छान दिसला असता. इथे मात्र लगेच कळतं की सूत्र शिकवण्यात आणखी दोन तास घालवून उपयोग नाही. दुसऱ्या आठवड्यात ग्रॅम-मिलिग्रॅमचा पंधरा मिनिटांचा रोजचा सराव हवा, आणि प्रत्येक सरावपत्रिकेवर ताळ्याची ओळ सक्तीची हवी. पुढच्या सत्रात तशाच धाटणीचा पण नवे आकडे घातलेला प्रश्न पुन्हा द्यायचा आणि ४१ चे किती झाले ते बघायचं. मोजलं, बदललं, पुन्हा मोजलं. हे वर्तुळ पुरं झालं नाही तर पहिलं मोजणं नुसतं कागद भरणं ठरतं.

हेच काम जागोजागी कसं बिघडतं

पहिली चूक क्रियापदाची. ‘विद्यार्थ्याला मात्रेची संकल्पना समजेल’ असं लिहिलं की मोजायला काही उरतच नाही. समजणं दिसत नाही. ‘काढेल’, ‘तुलना करेल’, ‘दुरुस्त करेल’ हे दिसतं.

दुसरी चूक हव्यासाची. एका मध्यम कॉलेजात हजार कोर्स आणि प्रत्येकाला चार निष्पत्ती धरल्या तर चार हजार होतात. दर सत्राला सगळ्या मोजायचा हट्ट धरला की शिक्षक शेवटच्या आठवड्यात अंदाजाने आकडे टाकतात, आणि ते अगदी स्वाभाविक आहे. शहाणी कॉलेजं तीन ते पाच वर्षांचं चक्र आखतात आणि दर सत्राला थोड्याच निष्पत्ती घेतात.

तिसरी जरा फसवी आहे. ‘सत्तर टक्के मुलांना जमलं की झालं’ असा सरसकट नियम लावतात. निबंधाच्या मांडणीला सत्तर चालतील. औषधाच्या मात्रेला दहापैकी तीन चुका कोण चालवून घेईल?

चौथी चूक म्हणजे मुलांनाच विचारणं, की तुम्हाला आलं का? असे सर्वेक्षण उपयोगी असतात, पण ते समाधानाचं माप असतं. जे येत नाही ते येत नाही हेही पुष्कळदा आपल्याला कळत नसतं.

एक साधं साधन मात्र मला फार मोलाचं वाटतं. एका कागदावर आडव्या ओळींत कोर्स आणि उभ्या रकान्यांत अख्ख्या अभ्यासक्रमाच्या निष्पत्ती लिहायच्या. प्रत्येक चौकटीत ‘ओळख’, ‘सराव’ किंवा ‘प्रभुत्व’ लिहायचं. एखादा रकाना कोराच निघाला, तर ती गोष्ट माहितीपत्रकात छापली जाते पण शिकवत कुणीच नाही. एखाद्या रकान्यात आठ वेळा ‘ओळख’ आणि एकदाही ‘सराव’ नाही, तर प्रत्येक शिक्षक पहिल्यापासून सुरू करतोय. याला ना सॉफ्टवेअर लागतं, ना समिती. दोन तासांची बैठक पुरते.

संस्थेची परीक्षा कोण घेतं?

अमेरिकेत यासाठी सरकारी तपासनीस येत नाहीत. कॉलेजांनी मिळून चालवलेल्या, पण केंद्रीय शिक्षण खात्याने मान्य केलेल्या संस्था मानांकन देतात. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांसाठी ते काम एसीसीजेसी नावाचा आयोग करतो. सात वर्षांचं चक्र असतं. कॉलेज आधी स्वतःचा अहवाल लिहितं, मग इतर कॉलेजांतले प्राध्यापक-प्रशासक पथक म्हणून येऊन पडताळणी करतात. मानांकन गेलं तर केंद्राचं विद्यार्थी साहाय्य बंद होतं, आणि तिथले युनिट दुसरीकडे धरले जाण्याचीही पंचाईत होते. बंदच पडल्यासारखं.

आयोग दरवर्षी कॉलेजकडून दोन रेघा मागतो. एक खालची: यश दर, पदव्या, बदल्या यांचा आकडा याखाली गेला तर आम्ही धावपळ करू. एक वरची: इथवर पोचायचा प्रयत्न आहे. उजनी धरणासारखं समजा. पाणी मृतसाठ्याच्या रेघेखाली गेलं, ‘उजनी मायनसमध्ये’ ही बातमी आली, की सोलापूर जिल्हा खडबडून जागा होतो. अडचण एवढीच की इथे रेघ कॉलेजने स्वतःच आखायची असते. मागच्या पाच वर्षांची सरासरी काढून तिच्या बरंच खाली रेघ मारली, की ती कधी ओलांडलीच जात नाही. रेघ कुठे आहे यापेक्षा ती तिथे का मारली, याचं कारण अहवालात शोधावं.

मानांकन हे नुसतं अध्यापनाचं प्रशस्तिपत्र नसतं. सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्कोचं प्रकरण यासाठी बघण्यासारखं आहे. २०१२ मध्ये आयोगाने कारणे दाखवा नोटीस दिली आणि २०१३ मध्ये मानांकन काढून घ्यायचं ठरवलं. आक्षेपांचा मोठा भाग आर्थिक नियोजन आणि कारभार यांवर होता. शहर कोर्टात गेलं. २०१५ मध्ये न्यायाधीशांनी आयोगाने प्रक्रियेत कायदा मोडल्याचं नोंदवलं, आणि २०१७ मध्ये कॉलेजला पूर्ण सात वर्षांचं मानांकन परत मिळालं. मानांकन एक दिवसही प्रत्यक्षात गेलं नव्हतं, तरी मधल्या काळात पटसंख्या झपाट्याने घसरली. लॉस एंजेलिसजवळच्या कॉम्प्टनचं मानांकन तर २००६ मध्ये खरोखर गेलं. शेजारच्या एल कमिनो कॉलेजचं केंद्र म्हणून ते चालत राहिलं आणि २०१७ मध्ये त्याला पुन्हा स्वतःचं मानांकन मिळालं. परिणामकारकता हा शब्द जड वाटतो, पण हिशेबाच्या वह्या नीट नसतील तर त्याची किंमत वर्गातल्या मुलाला मोजावी लागते.

‘मुलंच कच्ची येतात, कॉलेज काय करणार?’

हा आक्षेप अनेक दशकं खरा मानला गेला. उपाय म्हणून प्रवेशाच्या वेळी एक चाचणी घ्यायची, आणि कच्चं गणित असलेल्याला पदवीच्या गणिताआधी एक, दोन किंवा तीन पायऱ्यांचे पूरक वर्ग करायला लावायचे. त्या वर्गांचे युनिट पदवीत धरत नसत.

गळक्या हंड्याचं गणित करून पाहू. तीन पायऱ्या आणि चौथा खरा कोर्स. समजा, प्रत्येक वर्गात सत्तर टक्के पास होतात आणि पास झालेल्यांतले पंच्याऐंशी टक्के पुढच्या वर्गात नाव घालतात. दोन्ही आकडे वाईट नाहीत. तरी शंभरातले सत्तर पास, साठ पुढे. बेचाळीस पास, पस्तीस पुढे. पंचवीस पास, एकवीस पुढे. आणि शेवटी पंधरा. एकही वर्ग ‘वाईट’ नाही आणि पंच्याऐंशी मुलं वाटेत सांडली. कोलंबिया विद्यापीठातल्या कम्युनिटी कॉलेज संशोधन केंद्राच्या अभ्यासात प्रत्यक्षातही असंच दिसलं: पूरक गणिताकडे पाठवलेल्यांपैकी तीन वर्षांत पहिला पदवी-पातळीचा कोर्स पास होणारे साधारण वीस टक्के. आणि त्यातही नापास होण्यापेक्षा पुढच्या वर्गात नावच न घालणारे जास्त होते.

हे मोजलं गेलं म्हणून नियम बदलला. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये एबी ७०५ हा कायदा केला. २०१९ च्या शरद सत्रापासून प्रवेश-चाचणीऐवजी हायस्कूलचे गुण बघून बहुतेकांना थेट पदवीच्या गणित-इंग्रजीत बसवायला सुरुवात झाली, आणि गरजूंना त्याच कोर्सला जोडून मदतीचे तास. पहिल्या वर्षात हे कोर्स पास होणाऱ्यांची संख्या खूप वाढली. त्याच वेळी त्या कोर्सचा यश दर खाली आला, आणि ‘दर्जा घसरला’ अशी ओरड झाली.

दोन्ही कसं खरं असेल? आधी शंभरातल्या तिसांनाच थेट वर्गात घेतलं आणि चोवीस पास झाले असं धरा: दर ऐंशी टक्के. आता शंभरही बसले आणि पंचावन्न पास झाले: दर पंचावन्न टक्के. दर पंचवीस अंकांनी पडला, आणि पास होणारी मुलं दुपटीहून जास्त झाली. पण इथेही थांबू नये. जे पंचेचाळीस राहिले त्यांच्या वाट्याला नापासाचा शिक्का आला आणि त्यांना पुरेशी मदत मिळाली का, हा प्रश्न उरतोच. विद्यार्थिगटांतलं अंतरही या कायद्याने पुसलं नाही.

संस्थेने ठरवलं तर किती फरक पडतो, याचा सगळ्यांत भक्कम पुरावा न्यूयॉर्कचा आहे. तिथल्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये असॅप नावाचा कार्यक्रम सुरू केला. अट एकच मोठी: पूर्ण वेळ शिकायचं. बदल्यात फीची उरलेली रक्कम, पुस्तकं, मेट्रोचा पास आणि असा सल्लागार, ज्याच्याकडे साठ-ऐंशीच विद्यार्थी आहेत. एरवी एका सल्लागारामागे सहाशे ते दीड हजार असत. सुमारे नऊशे विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी दोन गटांत विभागणी करून तपासलं. तीन वर्षांत पदवी घेणारे कार्यक्रमातले ४० टक्के, बाहेरचे २२ टक्के. मुलं सारखीच कच्ची होती. एका विद्यार्थ्यामागे खर्च सुमारे साठ टक्क्यांनी वाढला, पण पदव्या इतक्या वाढल्या की एका पदवीमागचा खर्च उलट कमी पडला.

आकड्याला पैसा बांधला की

मग निकालावरच अनुदान द्यावं, असं वाटणं साहजिक आहे. वॉशिंग्टन राज्याने २००७ मध्ये कम्युनिटी कॉलेजांसाठी अशी योजना आणली. अभ्यासकांना पुढे दिसलं की पदव्या फारशा वाढल्या नाहीत, वाढली ती कमी मुदतीची प्रमाणपत्रं. ती लवकर निघतात आणि मोजणीत भरतात. कॅलिफोर्नियाने २०१८ मध्ये सावध वाटणी केली: अनुदानाचे सत्तर टक्के पटसंख्येवर, वीस टक्के गरीब विद्यार्थ्यांच्या संख्येवर आणि दहा टक्के निकालावर. मधले वीस टक्के फार महत्त्वाचे वाटतात. ते नसते तर निकाल सुधारायचा सोपा मार्ग एकच होता, कच्ची मुलं घ्यायचीच नाहीत. उघड्या दाराच्या कॉलेजने तो धरला तर ते कॉलेज राहत नाही.

सरासरीच्या पोटात

एकूण यश दर ७२ असलेल्या कॉलेजात रात्रीच्या वर्गांचा ६० असू शकतो. म्हणून आकडे फोडून बघतात: वय, वंश, उत्पन्न, दिवस-रात्र, ऑनलाइन. फोडतानाही तारतम्य हवं. नऊ जणांच्या गटात एक विद्यार्थी इकडचा तिकडे झाला की दर अकरा टक्क्यांनी हलतो. अशा गटाचा एका सत्राचा आकडा बघून निर्णय घेऊ नये, तीन-चार वर्षांचे एकत्र करावेत. फार लहान गटांचे आकडे ओळख उघड होऊ नये म्हणून झाकलेलेही असतात.

आपल्याकडच्या नॅकशी नातं

महाराष्ट्रातल्या प्राध्यापकांना यातलं पुष्कळ ओळखीचं वाटेल. भारतातल्या महाविद्यालयांना मानांकन देणाऱ्या, १९९४ मध्ये स्थापन झालेल्या नॅकने २०१७ च्या चौकटीत संलग्न महाविद्यालयांसाठी अध्यापन-मूल्यमापनाच्या निकषाला १,००० पैकी ३५० गुण ठेवले, आणि कोर्सच्या निष्पत्ती साध्य झाल्या का हेही मागितलं. पद्धत तीच आहे. एक मोठा फरक मात्र आहे. अमेरिकेत पेपर काढणारा, तपासणारा आणि शिकवणारा एकच असतो, त्यामुळे ताळ्याची ओळ पुढच्याच सत्रात घालता येते. संलग्न महाविद्यालयात अभ्यासक्रम आणि अंतिम परीक्षा विद्यापीठाच्या हातात असते. म्हणून अंतिम परीक्षेच्या टक्केवारीवरून निष्पत्तीचा तक्ता भरला जातो, आणि तो किराण्याच्या बिलाची शेवटची ओळ पुन्हा लिहिण्यासारखाच ठरतो. अंतर्गत मूल्यमापनातला एक प्रश्न, एक रुब्रिक आणि दोन शिक्षकांनी ताडून तपासलेले दहा पेपर, एवढं मात्र आजही प्रत्येक विभागाच्या हातात आहे.

मग घरी बसून काय बघायचं?

कॉलेज नॅव्हिगेटरवर पदवी दर आणि बदली दर यांची बेरीज करा. त्याच्या शेजारी पहिल्या वर्षानंतर परत येणाऱ्या पूर्ण वेळ विद्यार्थ्यांचा दर असतो, तो बघा. गळती सुरू होते ती तिथे. मग आपल्या मुलीला हव्या असलेल्या विषयाकडे या. संगणकशास्त्रात जायचं असेल तर कॉलेजचा एकूण दर फारसं सांगत नाही; कॅल्क्युलसच्या दोन सत्रांचा यश दर आणि त्या कोर्सच्या किती तुकड्या उघडतात हे जास्त सांगतं, कारण जागा न मिळाल्याने एक सत्र वाया गेलं की सगळी साखळी सरकते. समुपदेशन केंद्रात एका सल्लागारामागे किती विद्यार्थी आहेत, तेही विचारा.

आणि विभागप्रमुख भेटले तर एवढंच विचारा: मागच्या मोजमापानंतर तुम्ही काय बदललंत? ‘आमचे आकडे उद्दिष्टाच्या वर आहेत’ हे उत्तर आलं तर पुढे बघा. ‘दुसऱ्या कॅल्क्युलसमध्ये मुलं श्रेणींच्या प्रकरणात अडकत होती, म्हणून ते दोन आठवडे आधी घेतलं आणि शुक्रवारी जादा तास ठेवला, अजून फार फरक दिसत नाही, या सत्रात पुन्हा बघतोय’ असं उत्तर आलं, तर तिथेच नाव घाला.